मागच्या रांगेतला मोकळा माणूस

इतिहासाची पदवी घेऊन पुढे काय करायचं, हे आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलं नाही, म्हणून मी झेरॉक्सचं दुकान टाकलं. दोन्ही धंद्यांत दुसऱ्याने लिहून ठेवलेलंच पुन्हा काढायचं असतं. फरक एवढाच, की झेरॉक्सला गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्यामुळे पदरचं काही घालता येत नाही.

दुकान मंडईच्या मोठ्या दारासमोर आहे. गावाचं इतिहास मंडळ याच दुकानात स्थापन झालं. मंडळाला कागद लागणार आणि ते इथे फुकट मिळणार, असा हेडमास्तरांचा अंदाज होता. तो बरोबर ठरला. हेडमास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, ते अध्यक्ष. औषधांच्या दुकानाचे मालक खजिनदार. खजिना नसल्यामुळे ते टिपणं घेतात. त्यांना सगळे औषधवाले म्हणतात. मी सचिव, म्हणजे झेरॉक्स. बाकीचे सभासद चहा आहे का ते आधी विचारून सभेला येतात.

मंडळाचा एक नियम आहे. कुठलीही गोष्ट दोन माणसांनी वेगवेगळी सांगितल्याशिवाय खरी धरायची नाही. याला आम्ही 'दुसरं तोंड' म्हणतो. "एक तोंड म्हणजे गप्पा, दोन तोंडं म्हणजे इतिहास," असं हेडमास्तरांनी पहिल्याच सभेत सांगितलं. ते एकट्यानेच सांगितल्यामुळे त्या दिवशी तो नियम नियमाप्रमाणे खरा नव्हता; पुढच्या सभेत औषधवाल्यांनी री ओढली आणि खरा झाला.

मंडईच्या मोठ्या दाराला लागूनच असलेलं एक जुनं गोदाम आम्हाला इतिहासाच्या दालनासाठी मिळालं. तिथे काय लावायचं यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी जो एकुलता एक मोठा फोटो होता तो लावायचं ठरलं. मंडईवर पत्र्याचं छप्पर चढलं त्या दिवशी काढलेला. छपराखाली दोन रांगांत माणसं, पुढची खुर्च्यांवर, मागची उभी. प्रत्येकाचं नाव शोधायचं आणि खाली पट्टी लावायची, असं ठरलं.

नावं शोधायची आमची रीत अशी. दुपारची झोप झाली की एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी जायचं. तब्येतीची चौकशी करायची. मग फोटो पुढे ठेवून म्हणायचं, "हे तुमचे थोरले चुलते ना?" नुसतं "हे कोण?" असं विचारणं आम्हाला कोणालाच जमलं नाही. वय झालेल्या माणसाला उत्तर आलं नाही तर त्याला किती वाईट वाटेल. त्यामुळे आम्ही उत्तर बरोबरच घेऊन जायचो, आणि समोरचा माणूसही तितकाच भला असल्यामुळे "असतील की" म्हणायचा. औषधवाले वहीत 'होय' लिहायचे. मग दुसऱ्या घरी जाऊन दुसरं तोंड.

या रीतीत काहीतरी घोळ आहे हे मला कळत होतं. पण तोवर ते दुसऱ्यांचे चुलते होते. मधल्या खुर्चीवरच्या फेटेवाल्या पुढाऱ्यावर दोन घराण्यांनी हक्क सांगितला, तेव्हा हेडमास्तरांनी दोन्हीकडच्या कर्त्या माणसांना बोलावलं. शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ अजून कोणाचा ठरला नव्हता. तो एका घराण्याला दिला. तोही फेटेवालाच होता, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही.

असं करता करता सगळा फोटो भरला. एक सोडून.

मागच्या रांगेत डावीकडे, वजनकाट्याच्या खांबाशेजारी एक तरुण माणूस उभा आहे. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, हा बाजूला बघतोय. तोंड अर्धवट उघडं, कोणीतरी हाक मारल्यासारखं.

माझे वडील मंडईत काट्यावर होते. मी चालायला लागले त्या सुमारास ते एका सकाळी कामावर गेले आणि परत आले नाहीत. अपघात नाही, भांडण नाही. काट्यावर दुसरा माणूस लागला आणि बाजार चालू राहिला. आईने विणकामाचं मशीन घेतलं आणि गावाला स्वेटर घातले. माझ्या मामाने घरातले सगळे फोटो काढून कात्रीने भावजींना वजा केलं. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत आई एका चौकोनी भोकाशेजारी उभी आहे आणि तिच्या खांद्यावर चार बोटं आहेत. मामाला घाई असावी. त्यामुळे वडिलांची बोटं मला माहीत होती, चेहरा नव्हता. फार काही अडलं नाही. बिनचेहऱ्याचे वडील असलेली माणसंही कर भरतात, चष्मा लावतात, दुकानं चालवतात.

फोटो स्कॅन करून मोठा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्या काट्याजवळच्या माणसावर थांबले. मोठा करत गेले. एका मर्यादेपर्यंत चेहरा जवळ येतो, त्यापुढे नुसते ठिपके येतात. मी ठिपक्यांपर्यंत जायचे आणि परत यायचे. मध्ये एक गिऱ्हाईक दाखल्याच्या प्रती मागायला आलं, त्याला प्रती दिल्या, परत ठिपके.

हेडमास्तरांना मी फक्त एवढंच म्हणाले, "हे माझे वडील असू शकतील."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तोंडं शोधू."

पहिलं तोंड लिलाववाल्या आजोबांचं. पूर्वी ते रोज सकाळी मंडईत भाज्यांचे लिलाव पुकारायचे आणि आवाज पार नदीपलीकडे जायचा म्हणतात. आता ते खिडकीशी बसतात आणि त्यांची सून त्यांच्या वतीने बोलते.

"जुनं सगळं लख्ख आठवतं त्यांना," सूनबाई म्हणाली. "फक्त मी कोण ते आठवत नाही. रोज विचारतात, या बाई कधी जाणार."

हेडमास्तरांनी त्यांच्या मांडीवर फोटो ठेवला. मी पलीकडून भिंग धरलं होतं. या वेळी मी आधीच बजावलं होतं, की उत्तर सांगायचं नाही. हेडमास्तरांना ते फार जड गेलं. ते दोनदा खाकरले आणि शेवटी कसंबसं म्हणाले, "हा... कोण असावा?"

आजोबांनी फोटो बघितला. मग मान वर करून मला बघितलं. परत फोटो. परत मी.

"हा हिचा बाप," ते म्हणाले.

"कशावरून?" हेडमास्तर म्हणाले.

"कशावरून काय? नाक बघा की." आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्या नाकाकडे.

हेडमास्तर दारातून बाहेर पडेपर्यंत थांबले आणि मग माझा हात हातात घेतला. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत त्यांनी तो फक्त छडी मारायला घेतला होता. "अभिनंदन, बाई," ते म्हणाले. मला काहीतरी वाटायला हवं होतं. दुकानातलं टोनर संपत आलंय, ते मागवायला हवं, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करताना ते बोट मला परत दिसलं. हेडमास्तर पेपर वाचायला दुकानात आले तेव्हा मी म्हणाले, "सर, आजोबांनी फोटोतला माणूस ओळखला नाही. त्यांनी मला ओळखलं."

"म्हणजे?"

"मी तिथे नसते तर ते काय म्हणाले असते?"

"साक्षीदाराने बोलताना कुठे बघावं, यावर मंडळाचं बंधन नाही."

"आपण पुढाऱ्याचा फोटो घेऊन गेलो तेव्हाही शेजारी त्यांचा नातू बसवला होता, सर. मिशीसकट."

हेडमास्तरांनी पेपर घडी केला. "हे बघा, बाई. लोक आपापले पूर्वज घ्यायला रांगेत उभे आहेत. तुम्हाला आयता मिळतोय तर तुम्ही त्याच्या पावतीवरची तारीख तपासताय."

पण ते मुळात शाळामास्तर होते. शंका आली की त्यांना झोप लागत नाही. दुसऱ्या तोंडाकडे मी जाऊ नये, असं ठरलं. हेडमास्तरही नकोत, कारण त्यांच्यासमोर गाव अजूनही बेंचवर उभं राहतं आणि काहीतरी उत्तर देऊन टाकतं. औषधवाले एकटे जाणार. मंडईसमोरच्या जुन्या शिंप्याकडे, ज्याने त्या काळी हमालापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांचे कपडे शिवले होते.

"काही सुचवायचं नाही," मी औषधवाल्यांना सांगितलं.

"छे, मी कशाला सुचवतोय," ते म्हणाले.

संध्याकाळी ते मिठाईचा पुडा घेऊनच आले. माझ्या काउंटरवर तो ठेवला आणि वही उघडून दाखवली. 'होय' लिहिलं होतं, खाली दोन रेघा.

"झालं, ताई. दुसरं तोंड मिळालं."

"काय विचारलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? फोटो दाखवला."

"आणि काय म्हणालात?"

औषधवाले पुड्याची दोरी सोडत बसले. "म्हटलं, हे आपल्या झेरॉक्सताईंचे वडील ना."

"आणि ते?"

"ते म्हणाले, असतील बाबा."

मी वही त्यांच्याकडे परत सरकवली.

"आता नुसता फोटो नाकासमोर धरून 'हा कोण, हा कोण' विचारायचं म्हणजे पोलिसात नोकरी केल्यासारखं वाटतं हो," औषधवाले म्हणाले. "त्यांना दिसतही नाही धड. त्यांना मीच थेंब देतो डोळ्यात घालायला." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

ते बिचारे मनापासून बोलत होते. गेली कित्येक वर्षं ते मला डोकेदुखीची गोळी देताना सोबत एक लिमलेटची देतात. मी मिठाई घेतली आणि म्हणाले, "हे तोंड धरायचं नाही." त्यांनी 'होय' खोडलं, पण दोन रेघा तशाच राहिल्या.

आता एकच तोंड उरलं होतं, आणि ते माझ्याच घरात राहत होतं.

आईला मी या सगळ्यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे वडिलांचा विषय काढत नाहीत. तशी बंदी कोणी घातलेली नाही. घरात एखादी खोली कुलूप लावून ठेवलेली असते आणि मग तिथे खोली आहे हेच विसरायला होतं, तसं. मी धरून चालले होते की आईला राग आहे, आणि तो राग तिने नीट घडी घालून कुठेतरी ठेवलाय. शेजारपाजारीही तेच धरून चालत. "काय बाई आहे, त्याचं नावसुद्धा काढत नाही," असं कौतुकाने म्हणत.

त्या संध्याकाळी ती टीव्हीसमोर शेंगा सोलत बसली होती. मी मोठी केलेली प्रत तिच्या पुढ्यात ठेवली. काही विचारलं नाही. मला सगळ्या गावात एकदा तरी बरोबर रीतीने विचारायचं होतं.

आईने हात पुसले. चष्मा चढवला. कागद जवळ घेतला, लांब धरला. टीव्हीवर कोणीतरी कोणाला तरी घराबाहेर काढत होतं.

"कुठला हा?"

"मंडईचा. छप्पर चढलं तेव्हाचा."

"हं." तिने कागद दिव्याकडे वळवला. मी वाट बघत होते. रागाची, रडण्याची, कागद फाडण्याची, कशाचीही. प्रत आणखी काढता आली असती.

"तुला काय वाटतं?" आईने विचारलं.

"मला विचारू नकोस. तू सांग."

"मला नाही सांगता येत."

"आई, हो की नाही एवढंच सांग. पुढे मी काही विचारणार नाही."

"अगं, सांगता येत नाही म्हणजे खरंच येत नाही." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला त्याचा चेहरा आठवत नाही."

मी टीव्ही बंद केला.

"कधीपासून?"

"कोण जाणे. तू शाळेत जायला लागलीस तोवर आठवत होता. मग एक दिवस आठवायला गेले तर दादाचाच चेहरा यायला लागला." दादा म्हणजे मामा, कात्रीवाला. "चालायचा कसा ते आठवतं. शिंकायचा ते आठवतं. चेहरा म्हटलं की भोकच दिसतं, त्या फोटोतल्यासारखं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लोक म्हणायचे, काय राग धरलाय बाईने. म्हटलं, धरलाय तर धरलाय. नवऱ्याचा चेहरा विसरले, असं कसं सांगायचं कोणाला." तिने शेंगांची परात पुढे ओढली. "तू विचारशील म्हणून मी किती वर्षं तयारीत होते. तू विचारलंच नाहीस."

"तुला राग येईल म्हणून."

"मला कुठला राग. राग यायला समोर कोणीतरी लागतं."

आम्ही दोघींनी मिळून शेंगा सोलून संपवल्या. झोपायला जाताना तिने विचारलं, "बरा दिसतो ना पण? हा?"

"दिसतो."

"हं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सांगितलं की दुसरं तोंड मिळत नाही. त्यांनी खूप समजावलं. पट्टी लावून टाकू, कोण विचारतंय. बाकीच्यांना तरी आपण काय विचारलं होतं? हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं आणि ते ऐकून ते स्वतःच चष्मा पुसायला लागले. मी बाकीच्या पट्ट्या लॅमिनेट केल्या. त्या एका माणसाखालची जागा रिकामी सोडली.

दालनाचं उद्घाटन बाजाराच्या दिवशी ठेवलं होतं, म्हणजे गर्दी आपोआप होते. लोक भाजीच्या पिशव्या घेऊनच आत आले आणि फोटोसमोर उभे राहून आपापल्या माणसांशी ओळख करून घ्यायला लागले. "हे बघ, आपली हनुवटी," असं एक आई मुलीला दाखवत होती. ती हनुवटी मागच्या महिन्यातच आम्ही त्यांना दिली होती. फेटेवाल्या पुढाऱ्याच्या घराण्याने हार आणला होता, तो फोटोला घालायचा की खांबाला यावर कुजबुज चालली होती.

आई येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. चांगली साडी नेसून, मशीनवर विणलेला स्वतःचा स्वेटर घालून, आणि मागे भिंतीशी उभी राहिली.

हेडमास्तरांचं भाषण संपता संपता हार्डवेअरवाले पुढे सरकले. गावातलं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं, पण घराणं इथे उशिरा आलेलं, त्यामुळे फोटोत त्यांचं कोणी निघालं नव्हतं. ते त्यांना लागलं होतं. दालनाला सगळे खिळे आणि स्क्रू त्यांनीच दिले होते. त्यांनी फोटो टोकापासून टोकापर्यंत वाचला आणि काट्याच्या खांबापाशी बोट ठेवलं.

"हा मोकळा आहे का?"

बसमध्ये जागा विचारावी, तसं.

"त्यांची ओळख पटलेली नाही," हेडमास्तर म्हणाले.

"आमचे आजोबा इकडे यायचे म्हणतात बाजाराला. खिळे विकायला." हार्डवेअरवाले वाकून बघायला लागले. "कपाळ तर आमचंच वाटतं. काय हो?"

त्यांच्या बायकोने मान हलवली. त्यांच्या मेहुण्यानेही हलवली. झाली दोन तोंडं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, औषधवाल्यांनी वहीकडे. मी काय म्हणणार होते, मला ठाऊक नाही. मी पट्टी किती लांबीची लागेल याचा विचार करत होते, सवयच ती.

"ओळख पटलीय," मागून आई म्हणाली.

लोक बाजूला झाले. ती पिशवी सावरत पुढे आली आणि फोटोसमोर उभी राहिली. या वेळी तिने चष्मासुद्धा लावला नाही.

"माझा नवरा आहे तो."

गावाने तिला हा शब्द उच्चारताना पूर्वी ऐकलं नव्हतं.

"नक्की का, काकू?" हार्डवेअरवाले म्हणाले.

"तुमच्या आजोबांशी मी लग्न केलं नव्हतं, बाबा. याच्याशी केलं होतं. मला कळायला नको?"

हार्डवेअरवाल्यांनी बोट काढून घेतलं. हेडमास्तरांनी डोळे पुसले आणि औषधवाल्यांना खूण केली. पहिलं तोंड लिलाववाल्या आजोबांचं, दुसरं खुद्द पत्नीचं. यापेक्षा पक्का पुरावा मंडळाला अख्ख्या फोटोत कुठे मिळाला नव्हता.

"बाई, पट्टी," हेडमास्तर मला म्हणाले.

मी रस्ता ओलांडून दुकानात गेले. लॅमिनेशनचं मशीन चालू केलं आणि नाव टाइप करायला बसले. हे नाव मी पहिलीपासून प्रत्येक कागदावर माझ्या नावाच्या मागे लावत आले होते. शाळेत, बँकेत, दुकानाच्या परवान्यावर. एकटं असं कधी लिहिलं नव्हतं. लिहिलेलं जरा उघडं-वाघडं वाटलं. पुढे 'कै.' लावावं की नाही ते कळेना. मग तसंच ठेवलं.

आई माझ्या मागोमाग आली होती. ती काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिली.

"तुला आठवलं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय. उचलून नेला असता ना त्यांनी." तिने काउंटरवरची धूळ बोटाने पुसली. "मला एक काढून दे. नुसता त्याचा."

"आई, तो दुसराच कोणीतरी असेल."

"असेल. रोज बघितला की आठवेल."

"किती मोठा काढू?"

"पर्समध्ये मावेल एवढा. बोटं पण येऊ दे."

"बोटं दिसत नाहीत याची. हात मागे आहेत."

"बरं," ती म्हणाली. "मग नुसता चेहरा दे."

मशीन तापायला वेळ लागतो. आम्ही काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो, आणि समोर गोदामातून हेडमास्तर बाहेर येऊन, पट्टी झाली का म्हणून, हाताने विचारत होते.